बोटीवरची शेकायची पिशवी

झुलाल नाना पाटलांचा दारूशी आयुष्यात एकदाच संबंध आला होता, आणि तोही बैलामार्फत. लहानपणी गावाकडे जू घासून बैलाच्या खांद्याला सूज आली, तेव्हा कोणीतरी मोहाची दारू चोळायला सांगितली होती. चोळता चोळता वासानेच झुलालला उलटी झाली, बैल बरा झाला आणि विषय तिथेच मिटला. असा माणूस साठी ओलांडल्यावर दोन बाटल्या रम लपवून परदेशी बोटीवर चढला, यावर धुळ्यातले बरेच लोक अजून विश्वास ठेवत नाहीत. जळगावचे मात्र सगळे ठेवतात. जळगाव आणि धुळ्याचं कधी कोणत्या गोष्टीवर एकमत झालंय म्हणा.

नानांचं धुळ्याच्या आग्रा रोडवर मोटारपंपांचं दुकान होतं. जमिनीतलं पाणी जसजसं खाली गेलं तसतसं नानांचं दुकान वर आलं, यात त्यांचा स्वतःचा काही दोष नव्हता. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला पंपाच्या कंपनीने योजना काढली की जो व्यापारी ठरलेल्या आकड्याच्या वर माल विकेल, त्याला सपत्नीक सिंगापूर आणि तिथून तीन दिवसांची बोटीची सहल. नानांनी आकडा ओलांडला. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी कमलबाई गेल्या. कंपनीचं अभिनंदनाचं पत्र त्यानंतर आलं आणि त्यात 'सपत्नीक' या शब्दाखाली कोणा उत्साही माणसाने लाल रेघ मारलेली होती.

नाना जाणारच नव्हते. पण घरी राहणंही काही फार सुखाचं नव्हतं. दुकान बंद करून ते पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात यायचे, कुलूप उघडायचे आणि सगळ्यात आधी टीव्ही लावायचे. बघायचे नाहीत, नुसता लावायचे. घरात कोणीतरी बोलत असलं की भाकरी गिळवते. पहिले काही महिने शेजारच्या मंजुळाबाई रोज डब्यातून भाजी पाठवायच्या. नाना तो डबा भांड्यांची पावडर लावून, घासूनपुसून असा लखलखीत करून परत द्यायचे की त्यात तोंड दिसावं. या बाबतीत त्यांना स्वतःचा थोडा अभिमानच होता. पण हळूहळू डबा एक दिवसाआड आला, मग आठवड्याने आला आणि मग यायचा थांबला. लोक तरी किती दिवस करणार, असं म्हणून नानांनी मनाची समजूत घातली. शेवटचा आलेला डबा फळीवर चकचकत पडून होता. तो न्यायलाही कोणी आलं नव्हतं.

अशात जळगावला कंपनीची बैठक झाली. सहलीला जाणाऱ्या सगळ्या व्यापाऱ्यांना तिथे बोलावलं होतं. फैजपूरचे बन्सीलाल चौधरी आदल्या वर्षी जाऊन आलेले, त्यामुळे कंपनीच्या साहेबांपेक्षा तेच जास्त बोलत होते. बोटीवर जेवण फुकट, नाच फुकट, पोहायचा हौद फुकट, पण दारूला हात लावला की हात भाजतो, असं त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. एका पेगला ते लोक जे घेतात त्यात आपल्याकडे अख्खी बाटली येते, वर कोंबडी येते आणि रिक्षाने घरी जाता येतं. बरं, स्वतःची न्यावी तर बोटीवर चढतानाच बॅगा तपासून काढून घेतात. मागच्या वर्षी बन्सीलालची अशीच काढून घेतली होती. तो प्रसंग सांगताना त्यांचा आवाज जड झाला.

मग त्यांची नजर कोपऱ्यात बसलेल्या नानांवर गेली. पांढरी टोपी, पांढरं धोतर, कपाळावर गंधाचा ठिपका. बन्सीलालनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाना, आम्हा सगळ्यांच्या खोलीत बायका असणार. खोली मोकळी ती तुमची एकट्याची. रोज संध्याकाळची बैठक तुमच्याकडेच. फक्त माल तुम्ही आणा. या टोपीवर कोण संशय घेतो?"

नानांना यातलं एकच वाक्य ऐकू आलं, ते म्हणजे बैठक तुमच्याकडेच. रोज संध्याकाळी पाचसहा माणसं आपल्या खोलीचं दार वाजवतील, आत येतील, बसतील, बोलतील. टीव्ही लावावा लागणार नाही. एवढ्यासाठी माणसाने काय केलं नसतं? नानांनी होकार दिला. आपण पीत नाही हे सांगायचं राहूनच गेलं.

आता माल घ्यायचा कुठून? धुळ्यात दुकानं होती, पण धुळ्यात नानांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. म्हणून त्यांनी युक्ती केली आणि जळगावला जाऊन घ्यायचं ठरवलं. युक्ती तशी उत्तम होती. तिच्यात एवढीच उणीव होती की जळगावात त्यांची मुलगी दिलेली होती.

दारूच्या दुकानात नानांनी आधी परवाना मागितला. दारू प्यायला सरकारचा परवाना लागतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि पावतीशिवाय माल उचलायची त्यांना सवय नव्हती. गल्ल्यावरचा माणूस त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने आतल्या माणसाला हाक मारली, त्याने त्याच्याही आतल्याला मारली. शेवटी खणाच्या तळातून परवान्यांचं धूळ बसलेलं पुस्तक निघालं. हा परवाना तब्येतीच्या कारणासाठी मिळतो, तेव्हा तुम्हाला काय होतंय, असं त्या माणसाने विचारलं. नाना विचारात पडले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी करमत नाही, असं ते अखेर म्हणाले. रांगेतला एकजण म्हणाला की आम्हा सगळ्यांना तोच आजार आहे.

नानांनी मान वळवून पाहिलं तर बोलणाऱ्याच्या मागे त्यांचे व्याही रुपचंद आबा उभे. दोघांनी एकमेकांना रामराम केला. नानांच्या हातात दोन बाटल्या होत्या आणि परवान्याची शाई अजून ओली होती.

आबा स्वतः त्या रांगेत कशासाठी उभे होते, हा प्रश्न पुढे कोणीच विचारला नाही. आबा मुलाकडचे. मुलाकडच्यांना प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती आधी नुसती मुसमुसत राहिली. मग म्हणाली की आई गेल्याचं दुःख मलाही आहे, पण म्हणून कोणी असं करतं का. नानांनी बोटीचं सांगायचा प्रयत्न केला, तर तिला वाटलं की वडील आतासुद्धा प्यालेले आहेत. कधी नाही ते ती अर्धा तास फोनवर होती. रिसीव्हर ठेवताना नानांच्या मनात असा विचार येऊन गेला की दारूत काहीतरी आहे खरं, न पिताच माणसं बोलायला लागतात. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

माल आला, पण तो न्यायचा कसा? इथे लोटनभाऊंचा प्रवेश होतो. लोटनभाऊ म्हणजे डबेवाल्या मंजुळाबाईंचे यजमान. सारी नोकरी धुळे-सुरत गाडीवर कंडक्टर म्हणून काढलेली. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे सीमा ओलांडताना उतारू काय काय कुठे कुठे लपवतात याचं त्यांना जे ज्ञान होतं ते पोलिसांनाही नव्हतं, आणि निवृत्त झाल्यापासून ते विचारणारं कोणी भेटत नव्हतं. नानांनी विषय काढताच ते पाटावर मांडी घालून बसले. नारळातून नेलेली, सायकलच्या ट्यूबमधून कमरेला गुंडाळून नेलेली, देवीच्या पोकळ मूर्तीतून नेलेली, एका बाईने तर पाळण्यातल्या पोराच्या उशीतून नेलेली, अशा कथा त्यांनी सांगितल्या. नाना ऐकत होते. कितीतरी दिवसांनी घरात पाहुणा बसला होता, म्हणून त्यांनी मध्ये तोडलं नाही.

बोलता बोलता लोटनभाऊंची नजर न्हाणीघराच्या दारामागे गेली. तिथे खिळ्याला कमलबाईंची शेकायची पिशवी टांगलेली होती. लाल रबराची, वर त्यांनीच विणलेलं हिरव्या लोकरीचं झबलं घातलेली. कमलबाईंचे गुडघे दुखायचे. रोज संध्याकाळी त्या गरम पाणी भरून ती मांडीवर घेऊन बसायच्या. त्या गेल्यापासून नानांनी तिला हात लावला नव्हता.

"हाई पिशवी भरी टाका नाना," लोटनभाऊ म्हणाले. "म्हातारा मानूसनी शेकानी पिशवी कोन उघडी दखस?"

मग त्यांनीच उठून पिशवी खिळ्यावरून काढली. झबलं उतरवून बाजूला ठेवलं, घासलेटचं नरसाळं राखेने घासून घेतलं आणि दोघांनी मिळून रम आत ओतली. घरभर वास सुटला. नेमक्या त्याच वेळी मंजुळाबाई नवऱ्याला बोलवायला दारात आल्या. त्यांनी पदर नाकाला लावला, नानांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेल्या. फळीवरचा डबा त्यांना दिसला असावा, पण त्यांनी तो मागितला नाही. लोटनभाऊ घाईघाईने त्यांच्या मागे गेले. जाताना सांगून गेले की अशी पिशवी गुजरातेतल्या सोनगडपर्यंत डोळे मिटून जाते. सोनगड दोनअडीच तासांवर आणि सिंगापूर त्याहून थोडं लांब, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पिशवी मुंबई ओलांडून, विमानातून, धोतरांच्या घड्यांत सुखरूप सिंगापूरला पोचली. नाना मात्र सुखरूप नव्हते. सिंगापूरला कंपनीने दोन दिवस सगळ्यांना बाग दाखव, मत्स्यालय दाखव असं इतकं पायी फिरवलं की अर्धी मंडळी लंगडायला लागली. फोटो काढताना जोडप्यांनी पुढे यावं असं फोटोग्राफर म्हणायचा आणि नाना सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत मागे उभे राहायचे. पिशव्या सांभाळायला एक माणूस असल्याचं सगळ्यांना फार बरं वाटलं.

बोट म्हणजे देवपुरातली एक अख्खी कॉलनी उचलून पाण्यावर ठेवल्यासारखी. चढायच्या दारात यंत्र होतं. बन्सीलाल आणि मंडळी पलीकडे जाऊन नानांकडे अशी बघत उभी राहिली, जसे मुंजीत नातेवाईक बटूकडे बघतात. नानांची बॅग यंत्रात गेली आणि तिथेच थांबली. गणवेशातल्या एका मुलीने बॅग उघडायला सांगितली. धोतरांतून तिने हिरव्या झबल्यातली पिशवी काढली आणि हलवली. आत डुबुक झालं.

नानांचं इंग्रजी पंपाच्या डब्यावर असतं तेवढंच होतं. हॉट वॉटर, ते म्हणाले. मग स्वतःचा गुडघा दाबून दाखवला आणि वाइफ म्हणाले. कुठे आहेत त्या, असं मुलीने विचारलं. नानांनी नेहमीच्या सवयीने हात जोडले आणि बोट वर केलं.

मुलीने वर पाहिलं. वर बोटीचे मजले होते, कठड्याला टेकून शंभर बायका उभ्या होत्या. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. पिशवी तिने स्वतः जपून धोतरांत ठेवली, बॅग लावून दिली आणि हसून म्हणाली, की जा लवकर काका, त्या वाट बघत असतील.

पलीकडे मंडळींनी नानांच्या पाठीवर थापा मारल्या, बन्सीलालनी तर मिठी मारली. काय बेमालूम अभिनय केला, असं जो तो म्हणत होता. नाना हसले. पण खोलीत जाऊन दार लावल्यावर ते बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिले. खोलीत दोन पलंग होते, दोन टॉवेल होते आणि दोन उशांवर दोन चॉकलेटं ठेवलेली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत नाना तयारीला लागले. धुळ्याहून आणलेली लसणाची शेव, खारे शेंगदाणे, भाजके पापड त्यांनी वर्तमानपत्रावर मांडले. नळाजवळचे पेले कमी पडले म्हणून नोकराकडून खाणाखुणा करून आणखी मागवले. दुसऱ्या पलंगावरची चादर ओढून सारखी केली, म्हणजे तिघेचौघे तिथे बसतील. अंगावर धुतलेला सदरा घातला. मग ते दाराकडे तोंड करून बसले. बाहेर पावलं वाजत, जवळ येत आणि पुढे निघून जात. दाराची कडी कदाचित आतून लागली असेल म्हणून त्यांनी दोनदा उठून तपासली. पापड सादळले.

शेवटी नाना शोधायला निघाले. मंडळी बारमध्ये होती आणि एवढी खुशीत होती की लांबूनच आवाज येत होता. झालं होतं असं, की यंदाची विक्री पाहून कंपनीच्या साहेबांनी जेवणाआधीच जाहीर करून टाकलं होतं की बोटीवरचा पिण्याचा सगळा खर्च कंपनीचा. हात भाजायचा प्रश्नच मिटला होता. नानांना सांगायला कोणी यायला हवं होतं, पण दुसरा कोणीतरी जाईल असं प्रत्येकाला वाटलं.

"बैठक आपल्याकडे होती ना?" नानांनी बन्सीलालना विचारलं.

बन्सीलालना क्षणभर आठवलंच नाही. मग आठवलं, आणि तेही मनाने वाईट नव्हते, म्हणाले की आणा थोडी इथेच, आपल्या गावचा माल आहे. नाना लगबगीने गेले आणि पेल्यात घेऊन आले. बन्सीलालनी मोठा घोट घेतला. त्यांचे डोळे विस्फारले आणि तो घोट त्यांनी शेजारच्या कुंडीतल्या झाडाला दिला. तीनचार दिवस रबरात उकडून काढलेली रम काय होते, हे लोटनभाऊंच्या सोनगडच्या अनुभवात बसणारं नव्हतं.

"नाना, ट्रॅक्टरची ट्यूब उकळून आणली की काय?"

सगळे हसले. हसता हसता एकजण खुर्चीवरून घसरला, त्याला उचलताना आणखी हसले. रात्रीच्या जेवणापर्यंत नानांचं नाव ट्यूबनाना झालं होतं आणि बन्सीलाल आपल्या बायकोला पिशवीची हकीकत रंगवून सांगत होते. नाना लिंबूपाण्याचा पेला घेऊन थोडा वेळ उभे राहिले. मग आपल्याला कोणी अडवणार नाही याची खात्री झाल्यावर ते खोलीत परतले. त्या रात्री त्यांना फार एकटं वाटलं. घरी एकटं वाटायचं तेव्हा निदान घर कमलबाईंचं होतं. इथे चहूबाजूंनी समुद्र, आणि एवढं सगळं पाणी असून एक पंप विकायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी नाना कठड्यापाशी बसून राहिले. आता बैठकीची आशा त्यांनी सोडली होती. उरलेली रम परत कशी न्यायची, आणि परत नेताना तीच मुलगी भेटली तर तिला काय सांगायचं, एवढाच विचार करत ते संध्याकाळी खोलीत आले आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात बन्सीलालच्या पत्नी पुष्पाबाई उभ्या होत्या, भिंतीला धरून. सोबत आणखी एका व्यापाऱ्याच्या पत्नी बेबाबाई. मत्स्यालय आणि बागा पुष्पाबाईंच्या गुडघ्यांत उतरल्या होत्या. पाऊल टाकवत नव्हतं. नवऱ्याला सांगावं तर नवरा कालपासून कंपनीचा खर्च वाढवण्यात गुंतला होता.

"भाऊ, तुमच्याजवळ शेकायची पिशवी आहे म्हणे," पुष्पाबाई म्हणाल्या. "त्यावरून हसत होते सगळे. पण मी म्हटलं, पिशवी आहे हे तर खरं ना?"

नानांनी पिशवीकडे पाहिलं. तिच्यातल्या मालासाठी त्यांनी जळगावात अब्रू घालवली होती, मुलीला रडवलं होतं, परदेशी पोरीला फसवलं होतं. त्यांनी बूच काढलं आणि सगळी रम बेसिनमध्ये ओतून दिली. ओतताना एवढं हलकं वाटलं की त्यांनी नळ सोडून बेसिनसुद्धा धुऊन काढलं. पिशवी दोनदा खळबळून घेतली, नोकराकडून उकळतं पाणी मागवलं आणि कमलबाई भरायच्या तशी पाऊण भरून, वरची हवा दाबून काढून, बूच घट्ट लावून पुष्पाबाईंच्या हातात दिली.

परक्या बायका खोलीत आलेल्या, म्हणून नानांनी दार सताड उघडं टाकून त्याला बॅग टेकवली आणि स्वतः उंबऱ्याजवळ बॅगेवरच बसले. पुष्पाबाई आणि बेबाबाई दुसऱ्या पलंगावर टेकल्या. त्या पलंगावर पहिल्यांदाच कोणीतरी बसलं. शेवेचा कागद नानांनी पुढे सरकवला. थोड्या वेळाने आणखी दोघी डोकावल्या, त्यांचेही नवरे बारमध्ये आणि त्यांचेही गुडघे जागेवर नव्हते. पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागली, पाणी निवलं की नाना नवीन भरून आणू लागले. वातासाठी एरंडेल बरं की निरगुडीचा पाला यावर जोरात चर्चा झाली. शेव संपली.

आणि मग पुष्पाबाईंनी झबल्यावरून हात फिरवत विचारलं, "टाका नीट आहे हो. ताईंनी विणलं का? कशा होत्या ताई?"

कमलबाई गेल्यावर लोकांनी नानांना पुष्कळ विचारलं होतं. काय झालं होतं, कोणत्या दवाखान्यात होत्या, किती दिवस होत्या, तुमच्या जेवणाचं काय. कशा होत्या, हे कोणी विचारलं नव्हतं. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते बोलायला लागले. ती चिडकी होती, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. मोटारी विकता विकता म्हातारे व्हाल, समुद्र कधी दाखवणार, असं दर उन्हाळ्यात म्हणायची. वांग्याच्या भरताला तिच्यासारखा हात नव्हता. टीव्हीवर बातम्या लागल्या की बातम्या देणाऱ्या बाईला साडीवरून नावं ठेवायची. बोलता बोलता नाना टोपीने डोळे पुसायला लागले, तेव्हा बायकांनी त्यांना गप्प केलं नाही, पुष्पाबाई नुसत्या हं म्हणत राहिल्या. कमलबाईंचं पुढचं सगळं नानांनी सांगितलं.

जेवणाची वेळ झाली तरी बायकांचा पत्ता नाही, म्हणून बन्सीलाल आणि मंडळी शोधत आली. येताना बोळात एवढा रमचा वास, की त्यांना वाटलं आपलाच येतोय. आत पाहतात तर चौघी ट्यूबनानांच्या खोलीत बसलेल्या, आणि वास येतोय तो पुष्पाबाईंच्या गुडघ्यांना. रबरात मुरलेली रम दोनदा खळबळून थोडीच जाते. पुष्पाबाई फैजपूरला महिलांच्या दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षा होत्या. बन्सीलालनी तोंड उघडलं, बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी ते मिटलं.

"बैठक चालू आहे," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या."

परतीच्या गडबडीत पिशवी पुष्पाबाईंकडेच राहिली. नानांना मागायला संकोच वाटला. मुंबईहून सगळ्यांनी मिळून केलेल्या गाडीत ते पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते आणि न्हाणीघरातला तो रिकामा खिळा त्यांच्या डोळ्यांसमोर येत होता. द्यायला नको होती, असं त्यांना वाटलं. मग असं वाटल्याबद्दल वाईट वाटलं. धुळ्याच्या अलीकडे ढाब्यावर गाडी थांबली तेव्हा पुष्पाबाई लंगडत चहावाल्याच्या भट्टीपाशी गेल्या आणि त्याच्याशी काहीतरी वाद घालून आल्या.

धुळ्याच्या चौकात नाना उतरले. बाकीचे पुढे जळगावकडे जाणार होते. नाना बॅग घेऊन रिक्षा बघू लागले, तोच खिडकीतून पुष्पाबाईंनी हाक मारली आणि हिरवं झबलं बाहेर काढलं. पिशवी भरलेली होती, गरम होती.

"असू द्या भाऊ, भरलेलीच न्या. कोणाची वस्तू रिकामी परत कशी द्यायची? माझ्याकडे गाडीत दुसरं काही नव्हतं."

वैशाखाचं ऊन होतं. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. अशा उन्हात एक म्हातारा गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून रिक्षात बसलेला पाहून रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं आणि तब्येत बरी आहे ना असं विचारलं. बरी आहे, नाना म्हणाले. पांझरेच्या पुलावर त्यांच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, पण त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही.

घरी आल्यावर त्यांनी टीव्ही लावला नाही. पिशवी निवेपर्यंत मांडीवर घेऊन बसले. समोर फळीवर मंजुळाबाईंचा डबा चकचकत होता. बसल्या बसल्या नानांना आठवलं की कमलबाई शेजारची वाटी परत देताना आधी डब्याडब्यांत हात घालायच्या. साखर, नाही तर शेंगदाणे, काहीच नसलं तर दोन हिरव्या मिरच्या. आपण पंपाच्या हिशेबातून मान वर करून ते रोज पाहिलं होतं. आणि मग आपण तेवढे महिने डबे कसे परत केले, हेही त्यांना आठवलं.

ते उठले. बॅगेतून ती दोन उशांवरची दोन चॉकलेटं काढली, डब्यात ठेवली, टोपी सारखी केली आणि शेजारचं दार वाजवलं.

मंजुळाबाईंनी सवयीने डबा एका हाताने घेतला. आत काहीतरी वाजलं तशी त्यांनी झाकण उघडलं. धोतरांच्या घडीत राहून चॉकलेटांनाही रमचा आणि रबराचा वास लागला होता, पण त्या त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

"माले वाटे, तुमले मना हातनं आवडत नही," त्या म्हणाल्या. "म्हनीसन धाडं नही."

"आवडे," नाना म्हणाले. "एकूनएक भाजी, बठ्ठंच आवडे."

मंजुळाबाई बाजूला झाल्या. आतून लोटनभाऊंनी खाटेवरूनच मोठ्याने विचारलं, माल बोटवर गया का नही. गया, असं सांगत नानांनी चपला काढल्या आणि आत जाऊन बसले.